अंगठी काढायची तर उंबरठ्याच्या आत

जर्मनीत शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या राज्यागणिक पुढेमागे होतात. त्या जवळ आल्या की इथल्या मराठी घरांत बॅगा, तिकिटं आणि सनस्क्रीनसोबत एक प्रश्न निघतो: लग्नाची अंगठी घालून जायचं की घरी ठेवून? आणि मंगळसूत्राचं काय? भारतातून येणाऱ्या फोनवर हा विषय सौभाग्याचा असतो. इथल्या ऑफिसात, कॉफीच्या मशीनपाशी, तोच विषय विम्याचा होतो. दोन्हीकडे मतं ठाम असतात, पण बोटाकडे आणि पाण्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. अंगठी घालून जा किंवा ठेवून जा, दोन्ही ठीक. मात्र काय ते घरी ठरवा आणि परत येईपर्यंत त्यात बदल करू नका. नीट बसणारी अंगठी बोटातून सहसा आपली आपण जात नाही. ती जाते काढ-घालीत. क्रीम लावायला काढली, टॉवेलवर ठेवली, मग वाळू झटकायला टॉवेल झटकला. हात धुताना बेसिनच्या कडेवर ठेवली. हरवू नये म्हणून टिश्यूत गुंडाळून ठेवली आणि खोली साफ करणाऱ्यांनी तो बोळा कचऱ्यात टाकला. अशा वेळी चोराची गरजच पडत नाही.

आता घरचा वाद. दागिना काढला म्हणजे नात्यातून काहीतरी काढून घेतलं, ही समजूत आपल्याकडे फक्त आजी-आत्यांची नाही, ती कोर्टापर्यंत पोचलेली आहे. २०२० मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका प्रकरणात म्हटलं की, पत्नीने शाखा (शंखाच्या बांगड्या) आणि सिंदूर नाकारणं म्हणजे लग्न नाकारण्यासारखं आहे. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने थाळी, म्हणजे तमिळ मंगळसूत्र, काढून ठेवण्याला मानसिक क्रौर्य म्हटलं. दोन्ही प्रकरणांत मुद्दे आणखीही होते, पण बातमीत आणि व्हॉट्सॲपवर उरलं ते एवढंच. हिंदू विवाह कायद्याला मात्र दागिन्याचं इतकं कौतुक नाही. १९५५ च्या या कायद्याचं कलम ७ रूढ विधींबद्दल बोलतं आणि जिथे सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं असं मानतं. मंगळसूत्राची अट त्यात नाही. तमिळनाडूने १९६७ च्या दुरुस्तीने जोडलेल्या ७ (अ) मध्ये थाळीचा उल्लेख आहे, पण तो पर्याय म्हणून: हार घाला, एकमेकांच्या बोटात अंगठी घाला किंवा थाळी बांधा. आणि तोही लग्न लावण्यापुरता. नंतर रोज काय घालावं याबद्दल कायदा गप्प आहे.

या वादातली खटकणारी बाजू वेगळीच आहे. नवऱ्याने साखरपुड्याची अंगठी घट्ट होते म्हणून कपाटात टाकली तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही. बायको समुद्रावरून व्हिडिओ कॉलवर आली की पहिली नजर गळ्याकडे जाते. जर्मनीत नवरा-बायको दोघंही सारखी अंगठी घालतात आणि पोहायला किंवा चढाईला जाताना दोघंही ती काढतात. त्यावर चर्चा होत नाही. विवाह नोंदणी कार्यालयातल्या लग्नाला इथे अंगठ्या लागतही नाहीत. संमती आणि सही पुरते. हा मोकळेपणा मला घ्यावासा वाटतो. पण 'इथले लोक कसे व्यवहारी' म्हणून मान डोलवावी असंही नाही. विमा आहे म्हणून वस्तू परत मिळते, हा इथला भाबडेपणा आपल्या सौभाग्याच्या समजुतीइतकाच जुना आणि पक्का आहे. त्याकडे पुढे येते.

अंगठी ही खूण म्हणून किती उपयोगी, हे एकट्याने प्रवास करणाऱ्या बायका बरोबर ओळखतात. नको त्या गप्पा टाळायला साधं वळं घालून हिंडणाऱ्या कितीतरी जणी असतात. पण खूण वाचणाऱ्याला लिपी यायला हवी. जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, नॉर्वे, ग्रीस इथे लग्नाची अंगठी बहुधा उजव्या हातात. फ्रान्स, इटली, ब्रिटनमध्ये डाव्या. काळे मणी तर युरोपात कुणाला काहीच सांगत नाहीत, ती नुसती एक माळ असते. म्हणून 'लोकांना कळावं' हा युक्तिवाद बर्लिन-पॅरिसमध्ये मंगळसूत्राला लागू पडत नाही. ते घालायचं तर स्वतःला आवडतं म्हणून घालावं. तेवढं कारण पुरेसं आहे.

आता पाणी. बोटाचा घेर दिवसभर सारखा नसतो. उन्हात चालून, खारट खाऊन, विमानात तासन् तास बसून बोटं फुगतात. गार पाण्यात ती आकसतात. जर्मन सोनार अंगठीचं माप आतल्या घेराच्या मिलिमीटरमध्ये देतात. ५४ नंबर म्हणजे घेर ५४ मिमी, व्यास साधारण १७.२ मिमी. एक नंबर कमी झाला तर व्यासात फरक पडतो जेमतेम ०.३ मिमीचा. पण अंगठी अडून असते ती बोटाच्या मधल्या पेरावर, आणि तिथे एवढाच फरक पुरतो. बाल्टिक समुद्र भर उन्हाळ्यातही क्वचितच २० अंशांच्या फार वर जातो. त्यात हातावर सनस्क्रीनचा थर, म्हणजे वंगण आयतंच. पोहताना हात मागे ढकलला की पाण्याचा जोर अंगठीला नखाकडे रेटतो. बावीस कॅरेट सोनं पाण्याच्या सतरा-अठरा पट जड असतं. ते तरंगत तर नाहीच, ओल्या वाळूत बघता बघता खाली जातं.

म्हणून निघण्याआधी एक चाचणी करा. वाडग्यात गार पाणी घ्या, त्यात मूठभर बर्फ टाका, हात पाच मिनिटं बुडवा. मग बोटाला थोडा साबण चोळा, हात खाली सोडा आणि चार-पाच वेळा जोरात झटका. हे पलंगावर किंवा गालिच्यावर करा, बेसिनवर नाही. अंगठी पेरावर अडली तर ती पाण्यात टिकेल. पेर ओलांडून पुढे आली तर ती सुट्टीला न्यायची नाही, मग ती कितीही प्रेमाची असो. घाईने माप कमी करून घेऊ नका. तीच अंगठी विमानात आणि उन्हात बोटात रुतेल. सोनार आतून दोन बारीक मणी डाकून देतात. त्याने पेरावर पकड वाढते आणि घेर तसाच राहतो.

पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन शुद्ध सोन्याचं फार बिघडवत नाही. त्रास होतो मिश्रधातूला. चौदा कॅरेटची किंवा निकेल मिसळलेली पांढऱ्या सोन्याची अंगठी गरम पाण्याच्या जकूझीत रोज बसली तर खड्याला धरणारे दाते ठिसूळ होतात. खडा पडतो तो नंतर, घरी आल्यावर, आणि दोष सोनाराला मिळतो. प्लॅटिनमला काही होत नाही. गंधकाच्या झऱ्यात चांदी काळी पडते; आखेनच्या गरम कुंडांत जोडवी घालून उतरलात तर बाहेर येताना ती ओळखू येणार नाहीत. काळवंडलेली चांदी पुसून उजळते, ठिसूळ झालेला दाता तसा बरा होत नाही.

जोडव्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून इथेच थांबते. आल्प्समध्ये चालायला जाताना आधी काय काढायचं असेल तर ती. लांब उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं टोकावर आपटत राहतात. जोडव्याची उघडी टोकं शेजारच्या बोटाला घासतात. स्कीचे बूट तर कडक प्लास्टिकचे, त्यात सुजलेल्या बोटाला जायला जागाच नसते. तिथे ती हॉटेलवर नको, घरीच ठेवा.

गळ्यातल्याचं गणित थोडं निराळं. सोन्याच्या तारेत गाठवलेले काळे मणी पाण्याने खराब होत नाहीत, पण तारेची कडी केसांत, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात, स्नॉर्केलच्या रबरात अडकते आणि ओढ बसली की उघडते. दोऱ्यात ओवलेलं असेल तर मीठ आणि घाम दोरा आतून कुजवतात. तुटेपर्यंत बाहेरून कळत नाही. यावर ठरलेला तोडगा म्हणजे 'एक ग्रॅमवालं' घालून जायचं. खारट पाण्यात त्याचा मुलामा लवकर उडतो आणि खालचं पितळ मानेवर हिरवा डाग सोडतं, हे चालून जाईल. खरी अडचण ही की ओढणाऱ्याला लांबून ते खरंच वाटतं. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरीसाठी वेगळं कलम आहे, ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण मोटरसायकलवरून माळ ओढली गेली की मानेला बसणारा झटका खऱ्या-खोट्यात फरक करत नाही. नकली घालून पैसे वाचतात, मान वाचत नाही. बार्सिलोना किंवा नेपल्सच्या गर्दीत गळ्यात काही नसणं हाच चांगला बंदोबस्त.

पॅरिसमध्ये अंगठीचा उलटा खेळही चालतो. कुणीतरी तुमच्या पायाशी वाकून पितळेची अंगठी 'उचलतं', तुमची का विचारतं, नाही म्हटलं तर भेट म्हणून हातात ठेवतं आणि मग खायला पैसे मागतं. हात मागे घ्या आणि चालू लागा.

अंगठी हरवली तर हळहळ, पण बोट गेलं तर? अंगठी कशात तरी अडकून शरीराचं वजन तिच्यावर आलं तर कातडी, शिरा, कधी अख्खं बोट सोलून निघतं. २०१५ मध्ये अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालक जिमी फॅलन घरातच अडखळले, अंगठी टेबलाच्या कडेला अडकली आणि बोट वाचवायला सहा तासांची शस्त्रक्रिया करावी लागली. सुट्टीत असे प्रसंग ढिगाने येतात: बोटीच्या शिडीवरून पाण्यात उडी, कुंपण ओलांडणं, बंक बेडवरून उतरणं, बांधलेल्या दोराशी खेळणं. फुटबॉलच्या नियमांत चौथा नियम सगळे दागिने काढायला लावतो आणि वरून चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही, ते उगाच नाही.

ज्यांना बोट उघडं नकोच त्यांनी सुट्टीपुरती सिलिकॉनची अंगठी घ्यावी. तिची खुबी अशी की जोर आला की ती तुटते आणि बोट राहतं. फक्त रोज रात्री काढून बोट कोरडं करा, नाहीतर खाली ओल राहून पुरळ येतं. टंगस्टन किंवा सिरॅमिकची अंगठी 'अजिबात ओरखडा पडत नाही' म्हणून विकली जाते आणि ते खरंही आहे. पण सोनं, चांदी, प्लॅटिनम छोट्या करवतीने दोन मिनिटांत कापलं जातं, तशी ही कापली जात नाही. ती पकडीत दाबून फोडावी लागते. एखाद्या बेटावरच्या छोट्या दवाखान्यात हे डॉक्टरला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असू द्या. 

हाताला मुरगळ, भाजणं किंवा गांधीलमाशीचा डंख, यातलं काहीही झालं की पहिलं काम अंगठी काढणं. सूज यायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढाच अवधी. अडकलीच तर ओढू नका. हात डोक्याच्या वर काही मिनिटं धरा, गार पाणी लावा, साबण किंवा तेल चोळा. तरीही हलत नसेल तर दातांचा फ्लॉस किंवा शिवणाचा जाड दोरा, हातभर नव्हे, चांगला मीटरभर घ्या. एक टोक अंगठीखालून तळव्याच्या बाजूला सरकवा. चिमटा किंवा केसांची पिन कामी येते. उरलेला दोरा अंगठीला लागूनच बोटावर गुंडाळायला घ्या, फेऱ्याला फेरा चिकटून, मधलं पेर पूर्ण झाकेपर्यंत. मधे फट राहिली तर मांस तिथून वर येतं आणि अंगठी तिथेच अडते. आता तळव्याकडचं टोक धरून नखाच्या दिशेने गोल गोल उलगडा. दोरा सुटेल तशी अंगठी एकेक फेरा पुढे सरकेल. बोट निळं पडलं, बधिर झालं किंवा जखम असली तर हा प्रयोग करू नका, थेट दवाखाना गाठा.

आता विम्याचा भाबडेपणा. जर्मनीत बहुतेक घरांत 'हाउसराट' म्हणजे घरातल्या वस्तूंचा विमा असतो, आणि त्यात बाहेरगावी नेलेल्या वस्तूही येतात. येतात, पण सर्वसाधारणपणे एकूण रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत आणि सुमारे तीन महिने. विमा ६०,००० युरोंचा असेल तर बाहेर ६,०००. आणि तो मिळतो तो खोली फोडून चोरी झाली किंवा धाक दाखवून लुटलं तर. खिसा कापला गेला, टॉवेलवरून कुणी उचलली, समुद्रात निसटली, यातलं बहुतेक काही साध्या पॉलिसीत बसत नाही. ज्यात बसतं तिथेही पोलिसांचा कागद, बिल, वजन आणि फोटो मागतात. मंगळसूत्र आईने दिलेलं, बिल सांगलीच्या सराफाकडचं, तेही कच्चं. निघण्याआधी दागिना वजनकाट्यावर ठेवून एक फोटो आणि अंगावर घातलेला एक फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीबद्दलही असाच गैरसमज आहे. जर्मन नागरी संहितेच्या कलम ७०२ नुसार हॉटेलवाल्याची जबाबदारी खोलीच्या रोजच्या भाड्याच्या शंभरपट, किमान ६०० आणि कमाल ३,५०० युरो. मौल्यवान वस्तूंसाठी मात्र ती कमाल ८०० युरोंवर येते. तुम्ही दागिना रिसेप्शनवर रीतसर सांभाळायला दिला तर ही मर्यादा उरत नाही. म्हणजे खोलीतल्या डब्यात टाकून आकडे दाबण्यापेक्षा खाली देऊन पावती घेणं फायद्याचं ठरतं, आणि ते जवळपास कुणीच करत नाही. इतर देशांत आकडे वेगळे, तत्त्व बरंचसं हेच.

बॅग विमानात चेक-इन करताना त्यात दागिना कधीच नको. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार हरवलेल्या सामानाची भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, आणि तीही सगळ्या सामानाची मिळून. सुरक्षा तपासणीत साधी अंगठी सहसा काढावी लागत नाही. काढायला सांगितलीच तर उघड्या ट्रेमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेच्या चेनवाल्या कप्प्यात टाका.

सुट्टी भारतातलीच असेल तर हिशेब बदलतो, कारण तिथे दागिना हे सामान ठरतं. भारतीय वंशाची व्यक्ती वर्षाहून जास्त परदेशात राहून परतत असेल तर शुल्काशिवाय बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने आणता येतात. २०१६ च्या नियमांत त्याला किमतीचीही मर्यादा होती, एक लाख आणि पन्नास हजार रुपये. सोनं चढत गेलं तशी ४० ग्रॅमची सूट कागदावरच राहिली आणि विमानतळावर भांडणं होऊ लागली. निघण्याआधी चालू नियम बघूनच बॅग भरा. अंगठी पाच-सहा ग्रॅमची, तिच्यावरून कुणी अडवत नाही. पण मंगळसूत्र, पाटल्या आणि बांगड्या मिळून काटा पटकन पुढे जातो. भारतातून निघताना जड दागिने घेऊन जात असाल तर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. पुढच्या खेपेला तेच दागिने परत आणताना तो कागद दाखवला की वाद राहत नाही. त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोचावं लागतं आणि दागिना बॅगेत नव्हे, हातात लागतो. जर्मनीत परतताना युरोपबाहेरून आणलेल्या नव्या वस्तूंची सूट विमानाने येणाऱ्याला ४३० युरोंची. लग्नाला मिळालेला नवा हार त्यात मावत नाही; कस्टमच्या लाल मार्गाने जाऊन जाहीर करावा.

एवढं करूनही अंगठी वाळूत पडलीच, तर पहिलं म्हणजे जागेवरून हलू नका. पायानेच ती खाली जाते. उभ्या जागेवरून दोन दिशांना दोन ठळक खुणा जुळवून फोटो काढा, सभोवती टाचेने चौकोन आखा आणि मग कडेकडून आत वाळू चाळा. धातुशोधक यंत्र घेऊन फिरायला जर्मनीतल्या कित्येक राज्यांत परवानगी लागते, तेव्हा स्वतः आणण्याआधी विचारा. बेसिनमध्ये पडली तर नळ लगेच बंद करा. खालचा वाकडा पाइप बादली ठेवून उघडला की ती बहुधा तिथेच बसलेली असते.

आणि कुणाला सापडली तर? इथे दहा युरोंवरच्या वस्तूची खबर कार्यालयात देणं सापडणाऱ्याला बंधनकारक आहे. सहा महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची. म्हणून सुट्टी संपवून परतल्यावरही किनाऱ्याच्या गावातल्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात, 'फुंडब्यूरो'त, विचारत राहा. जर्मन अंगठ्यांत आतून जोडीदाराचं नाव आणि तारीख कोरलेली असते, ओळख पटायला ती फार उपयोगी पडते. आपल्या अंगठीतही कोरून घ्यायला हरकत नाही. बक्षीस कायद्याने ठरलेलं: ५०० युरोंपर्यंत ५ टक्के, त्यावरच्या रकमेवर ३. अंगठी ९०० युरोंची असेल तर २५ अधिक १२, असे ३७ युरो पाकिटात घालून न्या.